आधी बांध, मग पंचनामा

ऐरोलीच्या ऑफिसात मी रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, ‘शेताचा पंचनामा’. आमच्या साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खा मजला हसला. “मॅडम, नवी मुंबईत शेती? गॅलरीतल्या कुंड्यांचा पंचनामा करताय की काय?” मी म्हटलं, “हो सर, आणि त्या कुंड्यांत खाडी शिरलीय. सही करा.” सही मिळाली. पण ते हसणं डोक्यात जे बसलं ते बसलंच. या लोकांना वाटतं, नवी मुंबई म्हणजे कुणीतरी कोऱ्या कागदावर पट्टी-पेन्सिलीनं आखली आणि मग तिथं माणसं आणून ठेवली. कागद कोरा नव्हता. त्यावर आम्ही होतो.

उलव्याच्या टॉवरांच्या मागे, खाडीला लागून माझ्या आईचं शेत आहे. होतं नव्हे, आहे. गावाची बाकीची जमीन शहरासाठी गेली, बदल्यात भूखंड मिळाले, भूखंडांवर इमारती चढल्या आणि माझा दादा शेतकऱ्याचा घरमालक झाला. हा एक पट्टा तेवढा राहिला, कारण तेव्हाच्या नकाशावरची रेघ त्याच्या अलीकडे थांबली. पट्टा आणि खाडी यांच्यामध्ये एक लांबलचक मातीचा बांध, बस्स. पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. तांदूळ लाल आणि जाड. मी सीवूड्सला फ्लॅटमध्ये राहते. माझा नवरा साताऱ्याकडचा, त्याला हा तांदूळ घशाखाली उतरत नाही, आणि आई दरवर्षी त्याच्याच नावानं एक गोणी पाठवते. “जावायला घाल,” म्हणते, “हारं मजबूत होतील.” हारं म्हणजे हाडं.

बाबा गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी शेत सोडेल. दादानं तर तिच्यासाठी तळमजल्यावर खोलीही रंगवून ठेवली होती. आईनं खोलीत बियाणं ठेवलं आणि स्वतः जुन्याच घरात राहिली. दादा चिडला, वहिनी चिडली, मी हसले. मला आईचं हे असलं वागणं फार आवडतं. माझ्यातला तिरसटपणा कुठून आला हे शोधायला लांब जावं लागत नाही.

आता मुद्द्याचं सांगते. आईला सरकारी मदतीच्या पैशांची पडलेली नव्हती. तिला हवी होती एक ओळ. मागे शहरासाठी जमीन घेतली तेव्हा आजोबांच्या एका तुकड्यात नेमकं त्या साली खाडीचं पाणी शिरलं होतं. मोजणीवाले आले, पाणी बघितलं आणि ‘खाजण, पडीक’ असं लिहून गेले. म्हणजे नुसती दलदल. आजोबांनी जन्मभर तिथं भात पिकवलं, पण कागदावर तिथं ना शेत होतं ना शेतकरी. त्या तुकड्याचं काहीएक मिळालं नाही. आई तेव्हा घरात नवी नवरी होती. सासरे महिनाभर कुणाशी बोलले नाहीत हे तिनं जवळून पाहिलं. आणि आता गावात पुन्हा कुठल्याशा रस्त्याच्या मोजणीची कुजबुज सुरू झाली होती. त्यामुळे सरकारच्या कागदावर सरकारच्याच माणसाच्या हातानं तिला लिहून हवं होतं की इथं भात होतं आणि ते बुडालं. ज्याचं नुकसान झालं त्याचं पीक होतं, हे तर सरकारलाही मान्य करावं लागेल, असा तिचा सरळ हिशेब.

पीक नोंदवायला मोबाईलमधलं अ‍ॅप असतं, तेही मी करून पाहिलं होतं. शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो. मी आईच्या भातात पिंढरीएवढ्या चिखलात उभी होते, आणि अ‍ॅप मला सांगत होतं की आपण शेतापासून दूर आहात. नकाशावरचा निळा ठिपका खाडीच्या मधोमध पोहत होता. पुढे सरकले, मागे सरकले, बांधावर चढले. ठिपका काही खाडीतून बाहेर येईना. आई म्हणाली, “त्या मेल्याला सांग, मी हितं पन्नास वर्सं उबी हाय.” अ‍ॅपला कुठलं ऐकू येतं?

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला उधाण आणि पाऊस हातात हात घालून आले. भात तेव्हा निसवलेलं असतं, दाण्यात दूध भरत असतं. दुपारी मी ऑफिसात डबा उघडला आणि आईचा फोन आला.

“बाय, खांड परली. गोन्या घेऊन ये.”

एवढंच. खांड म्हणजे भरतीच्या माऱ्यानं बांधाला पडलेलं भगदाड. रड नाही, ओरड नाही, ‘लवकर ये’सुद्धा नाही. मी डबा बंद केला, वाटेत वाण्याकडून रिकाम्या गोण्या उचलल्या आणि टॅक्सीनं उलवे गाठलं. टॅक्सीवाला विचारत होता, शिफ्टिंग आहे का?

आमच्या गावची एक रीत आहे. खांड पडली की कुणीतरी आळीतून ‘जोळ हाय’, म्हणजे गावानं मिळून करायचं काम आहे, अशी हाक देत जातं, आणि ती हाक ज्या घरात ऐकू जाईल त्या घरातून एका माणसानं हातातलं काम टाकून बांधावर जायचं. जमीन कुणाची, भात कुणाचं, मागच्या भांडणात कोण काय बोललं होतं, हे त्या दिवशी काढायचं नाही. दुपारची भरती ओसरली की रात्रीची भरती चढायच्या आत खांड बुजली पाहिजे. नाहीतर दुसरं पाणी पहिल्याच्या दुप्पट माती नेतं आणि मग बांध राहत नाही, नुसती खाडी राहते. मला वाटायचं, जमिनी गेल्या तशी ही रीतही गेली असणार. मी बांधावर पोचले तर तिथं रांग लागलेली. रिक्षा चालवणारा चुलत भाऊ होता, आळीतली पार्लरवाली वहिनी होती, बँकेतनं अर्धी सुट्टी टाकून आलेला शेजारचा काका होता. निम्म्याहून जास्त माणसांची स्वतःची एक वीतभर जमीन उरली नव्हती. घरोघरी पितरांची पानं वाढलेली होती, ती तशीच टाकून आले होते. कावळ्यांची त्या दिवशी चंगळ झाली. कुणी हाकलणारंच नव्हतं.

काम कसं चालतं तेही सांगते. दोघंतिघं पाण्यात उतरून बांबूचे खुंटे ठोकतात. खुंट्यांच्या आड पेंढा आणि गोण्या. बाकीचे रांगेत. मागचा माणूस चिखलाचा गोळा कापून पुढच्याच्या हातात देतो, पुढचा त्याच्या पुढच्याच्या, असा गोळा खांडीपर्यंत जातो. रांग थांबली की घातलेली माती वाहून जाते, म्हणून रांग थांबत नाही. नाक खाजलं तरी खाजवता येत नाही. मी माझ्या ऑफिसच्या ड्रेसमध्ये पार्लरवाल्या वहिनीच्या आणि काकाच्या मध्ये उभी राहिले आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलले नाही. दादा बुलेटवरून आला. बूट घालून बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, “जेसीबी मागवू काय?” जेसीबी त्या चिखलात टपापर्यंत गेला असता. आईनं पाण्यातूनच त्याला सांगितलं, “तू आदी बूट काड.” त्यानं काढले. उतरला. तेवढं त्याचं म्हणायला हवं.

खांड बुजली. बांधात लाकडी झडपेचं एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ते उघडून शेतातलं खारं पाणी ओहोटीबरोबर बाहेर काढलं. पार्लरवाल्या वहिनीच्या घरून चहा आला आणि आम्ही सगळे चिखलात माखलेले, एकमेकांना ओळखू न येणारे, बांधावर बसून चहा प्यालो. मला त्या संध्याकाळी इतका आनंद झाला होता की काय सांगू. ऑफिसात मला कसले कसले पुरस्कार मिळालेत, काचेचे चौकोनी तुकडे. त्यातला एकही त्या चहाच्या जवळपास येत नाही.

त्यानंतर पंचनामा आला. सरकारनं अतिवृष्टीच्या नुकसानीसाठी मदत जाहीर केली होती आणि तलाठी गावोगाव फिरत होता. आमच्याकडे पोचायला त्याला चार-पाच दिवस लागले. त्याला दोष देत नाही, त्याच्याकडे गावंच इतकी होती. तरुण पोरगा, मराठवाड्याकडचा, बोलायला गोड. त्या दिवसासाठी मी ती रजा काढली होती, जिच्यावर मजला हसला. तो बांधावर उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“मावशी, नुकसान कुठाय?”

आईनं हात फिरवून सगळं शेत दाखवलं. “ह्यो काय.”

“अहो, बांध शाबूत आहे. रानात पाण्याचा थेंब नाही. पीक हिरवंगार उभं आहे. आमच्याकडं पूर आला की आठ-आठ दिवस पाणी हलत नाही, बैलं वाहून जातात. इथं मी काय लिहू?”

खाऱ्या पाण्याचं असंच असतं. ते येतं आणि जातं, आणि भात आठवडाभर काहीच झालं नाही अशा थाटात उभं राहतं. पण मुळाला मीठ लागलेलं असतं. मग लोंब्या पांढऱ्या पडतात आणि आत दाणा म्हणून काही नसतं. आईनं हे सांगायचा प्रयत्न केला, पण तिला नीट सांगता येईना. ती चिडली की शिव्या आधी येतात आणि कारण मागून. तलाठी शांतपणे म्हणाला, “मावशी, मी डोळ्यांना दिसतं तेच लिहितो. आधी आम्हाला कळवायचं. आम्ही पंचनामा केला, की मग बांध बांधायचा ना. एवढी घाई कशाला केली?”

“भरती तुमची वाट बगत ऱ्हानार हाय काय?” आई म्हणाली.

“बरं, फोटो? खांड पडलेली असतानाचा एखादा फोटो द्या. तेवढ्यावर करतो मी काहीतरी.”

आणि इथं आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. फोटो नव्हता. एकाकडेही नव्हता. आमच्या गावात पोराच्या बारशापासून मेलेल्या म्हशीपर्यंत कशाचाही फोटो निघतो, आणि तो निघाल्यानिघाल्या ग्रुपवर येतो. पार्लरवाली वहिनी तर मिसळ खाण्याआधी मिसळीचा फोटो काढते. पण त्या दिवशी सगळ्यांचे मोबाईल एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून बांधावरच्या बाभळीला टांगले होते. पिशवीत ते आळीपाळीनं वाजत होते आणि कुणीही बघत नव्हतं. सगळे हात चिखलात होते. तलाठ्यानं ‘नुकसान निरंक’ असं लिहिलं, चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दोघांच्या पंच म्हणून सह्या घेतल्या आणि मोटारसायकलवर बसून गेला.

आई त्या दिवशी जेवली नाही. सासऱ्यांसारखं महिनाभर गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती भांडी आपटत होती.

संध्याकाळी दादानं तोडगा काढला. त्याच्या ओळखीचा एक माणूस तालुक्याला असल्या कामांत मुरलेला होता, त्यानं सुचवला होता. पौर्णिमेला पुन्हा उधाण येणारच. बांध अजून ओला आहे. एक माणूस, एक फावडं. थोडी खांड पाडायची, पाणी आत घ्यायचं, फोटो काढायचे, तलाठ्याला फोन करायचा. फेरपंचनामा होईल, ओळ मिळेल, मग बुजवा की पाहिजे तर. “आय, भात तर तसं पन गेलंच हाय,” दादा म्हणाला, “त्याच्यात आजून काय जानार? तुना कागद पायजे ना? ह्यो कागद.”

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. नियम जर पडक्या बांधालाच मानत असेल, तर दाखवू त्याला पडका बांध. मी तसं बोललेही. आईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

“ज्या हातानं गावानं बुजवली, त्या हातानं मी फोरू? लोकान्नी पितरांचं पान टाकून माती दिली. त्यांचे हात काय मी सरकारला इकू? तुना बिल्डिंगचं भारं येतंय ना, ते घे आनि गप बस. माज्या बांधाला हात लावलास त बग मंग.”

दादा उठून गेला. आई माझ्याकडे वळली. मी म्हटलं, “मी काही म्हणत नाही.” ती म्हणाली, “म्हनलीस तू. आयकलं मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आळीतून ‘जोळ हाय’ अशी हाक देत निघाली. पाऊस नाही, उधाण नाही, आकाश लख्ख. लोक दारात आले. “कुटं परली खांड?” आई म्हणाली, “तहसीलदाराच्या हापिसात.” आणि पुढच्या दारी गेली. मला वाटलं, आता हसतील. थोडे हसलेही. पण रीत ती रीत. हाक ऐकली त्या घरातून एक माणूस निघालं. आम्ही दोन टेम्पो भरून तालुक्याला गेलो. एका आजोबांनी अर्धीच हाक ऐकली होती. ते सवयीनं फावडं घेऊन आले. ते फावडं कचेरीच्या दारात पोलिसानं काढून घेतलं आणि आजोबा दिवसभर तेवढ्याच काळजीत होते की परत मिळेल ना.

कचेरीत नायब तहसीलदार एक बाई होत्या. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं मोर्चा आला. “निवेदन कुठंय? तुमचा नेता कोण?” त्यांनी विचारलं. निवेदन नव्हतं, नेताही नव्हता. आई पुढे झाली आणि म्हणाली, “बाय, मोर्चा नाय. तुमच्या मानसानं इचारलं, खांड कुनी बगितली. ही बगितलेली मानसं. टपरीवरच्या दोगांनी चा पिला, खांड नाय बगितली.” मग एकेकजण पुढे येऊन सांगायला लागला, पाणी कुठपर्यंत होतं, तो रांगेत कुणाच्या मागे होता, गोणी कुणी धरली. सगळे एकदम बोलत होते. काका मध्येच बँकेच्या भाषेत बोलू लागला. पार्लरवाल्या वहिनीनं आपली तुटलेली नखं दाखवली. बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही उठत नव्हतो, हेही त्यांनी पाहिलं असणार. जेवायची सुट्टी झाली, संपली, आम्ही तिथंच पायऱ्यांवर. शेवटी त्यांनी तलाठ्याला बोलावून फेरपाहणी करायला सांगितलं.

तो आला तोवर भात पांढरं पडलं होतं. त्यानं एक लोंबी हातात घेऊन चुरडली. नुसतं फोलपट उडालं. आणखी एक चुरडली, आणखी एक. मग त्यानं मान खाली घालून लिहिलं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, भात पीक, खारे पाणी शिरल्याने दाणा भरला नाही, पूर्ण नुकसान. आई म्हणाली, “आता दादाला आयकू येल असं वाच.” दादा दोन हात अंतरावरच उभा होता. मी वाचलं.

निघताना तो पोरगा आईला म्हणाला, “मावशी, पुढच्या वेळी एक करा. आधी एक फोटो काढा, एकच, आणि मग काय बांधायचं ते बांधा. मला पण त्रास नाही, तुम्हाला पण नाही.” मनापासून सांगत होता. आई म्हणाली, “बगू.”

मदत खूप उशिरा खात्यात आली. मेसेज वाचून दादा म्हणाला, “आय, यात आपल्या सगल्यांना पिझ्झा पन नाय येत.” आईनं त्या पैशांत रिकाम्या गोण्या आणि बांबू आणून पडवीत रचून ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “सरकारनं दिलंय.” आवाजात असा काही थाट की जणू सरकार स्वतः डोक्यावरून गोण्या घेऊन आलं होतं.

हे झालं तेव्हाचं. आता यंदाचं.

यंदा रस्त्याची मोजणी कुजबुजीवर थांबली नाही. पावसाच्या आधीच माणसं आली आणि आईच्या शेताच्या कडेनं लाल रंगवलेले लाकडी खुंटे ठोकून गेली. त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “ये तो सब दलदल है.” भात अजून पेरायचं होतं, शेत मोकळं होतं. आईनं ऐकलं आणि बांधावर माती लिंपत राहिली. मला मात्र त्या दिवसापासून झोप लागेना. मागची ओळ जुनी झाली होती. यंदा उधाण आलं आणि यंदाची ओळ नसली, तर आजोबांचं झालं तेच होणार. म्हणून मी फोनला गळ्यात अडकवायची दोरी घेतली. ठरवून टाकलं होतं, की खांड पडली तर आधी फोटो. एकच. तेवढ्यानं काही जात नाही.

खांड पडलीच. बाप्पा गेल्यानंतरच्या उधाणात, दिवसाउजेडी. फोन आला, “बाय, ये.” गोण्या आणायला या वेळी सांगावं लागलं नाही. मी पोचले तेव्हा रांग लागलेली होती. पाणी खांडीतून आत धावत होतं, भात कमरेपर्यंत त्यात उभं होतं, सगळं कसं फोटोत यावं तसं समोर होतं. कुठल्याही साहेबाला हे शेत आहे हे कळलं असतं, दलदल म्हणायची कुणाची टाप नव्हती. मी रांगेत माझ्या जागी गेले आणि फोन वर केला. चौकटीत बांध आला, पाणी आलं, मागचे टॉवर आले.

आणि चौकटीच्या खालच्या कडेला दोन हात आले. चिखलाचा मोठा गोळा धरलेले. पार्लरवाल्या वहिनीचे.

माझ्या मागून गोळे येत होते, ते माझ्यापाशी थांबले होते. माझ्या पुढचा काका हात पसरून उभा होता आणि त्याचे हात रिकामे होते. खांडीपाशी आई पाण्यात होती. तिनं वळून पाहिलं. ओरडली नाही. “माती,” एवढंच म्हणाली. तेवढ्यात घातलेल्या मातीचा एक लचका तिच्या पायाशी सुटला आणि आत वाहून गेला.

मी फोन सोडला. तो दोरीला लोंबकळून पोटावर आपटत राहिला आणि थोड्याच वेळात चिखलाचा झाला. मी गोळा घेतला आणि दिला. पुढचा घेतला आणि दिला. फोटो काढून झाला नव्हता हे मला माहीत होतं, त्याचा अर्थ काय तेही माहीत होतं, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं. राग येत होता, तो त्या नियमाचा, ज्याला पडलेला बांध दिसतो आणि बांधलेला दिसत नाही.

उन्हं कलली तसे बांबू संपले. गोण्या तग धरेनात. “खुंटा द्या, खुंटा,” असं खालून दोघंतिघं ओरडत होते. आई पाण्यातून वर आली, निथळत बांधावरून चालत गेली आणि मोजणीवाल्यांचा लाल खुंटा दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटला. दादा बघत उभा होता. मला वाटलं, आता हा कायदा सांगणार. तो गेला आणि दुसरा उपटला. मग तिसरा. ते सगळे खांडीत ठोकले, त्यांच्या आड सरकारी पैशांच्या गोण्या लावल्या, आणि भरती वळायच्या आत खांड बुजली.

आता तलाठी येईल. त्याला बांध शाबूत दिसेल, रान कोरडं दिसेल, भात हिरवं दिसेल. मोजणीवाले येतील, त्यांना आपले खुंटे दिसणार नाहीत. त्यांनी पडीक लिहिलं, तर आई पुन्हा आळीतून हाक देईल आणि आम्ही पुन्हा टेम्पोत बसू. माझ्या रजा शिल्लक आहेत. फोटो आमच्याकडे नाही आणि पुढच्या खेपेलाही नसेल. ज्याला खांड बघायची असेल त्यानं भरतीच्या आधी यावं, रांगेत उभं राहावं, आणि येताना हात मोकळे ठेवून यावं.